एमआयडीसीतल्या प्लांटचा इंटरव्ह्यू : फोन आल्यापासून जॉइनिंगपर्यंत

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री-डिप्लोमा हातात आहे आणि नवी मुंबईच्या रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात, तळोज्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पहिली नोकरी शोधताय, तर हे तुमच्यासाठी आहे. आयटीवाल्यांनी कागदपत्रांचा आणि पगाराचा भाग तेवढा वाचावा, बाकी त्यांची दुनिया वेगळी.

प्लांटच्या नोकरीचा क्रम साधारण असा असतो : एचआरचा फोन, कुठे कुठे लेखी परीक्षा, टेक्निकल, मग प्लांट हेड किंवा मेंटेनन्स हेडशी गाठ, एचआर, मेडिकल, ऑफर. छोट्या कारखान्यात हे सगळं एका दुपारी उरकतं, मेडिकल तेवढं राहतं. मोठ्या कंपनीत महिना-दीड महिना सहज जातो. समोरचा माणूस मात्र सगळीकडे एकच गोष्ट चाचपत असतो : थर्ड शिफ्टला रात्री दोन वाजता याला मशीनपाशी एकटं सोडता येईल का? खालची सगळी तयारी हा प्रश्न डोक्यात ठेवून करायची.

१. फोन आला की हुरळून जाऊ नका, विचारा

फोनवर "हो सर, येतो सर" म्हणून ठेवून देऊ नका. कागद-पेन घ्या आणि पाच गोष्टी विचारून लिहून ठेवा : कंपनीचं पूर्ण नाव, प्लॉट नंबरासकट पत्ता, कोणत्या डिपार्टमेंटची जागा आहे, कोणाला भेटायचं आणि नोकरी कोणाच्या पेरोलवर आहे.

शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात आणि नंतर पस्तावतात. एकाच गेटमधून आत जाणारे चार तरुण इंजिनीअर चार वेगळ्या कागदांवर असू शकतात. एक कंपनीच्या रोलवर. दुसरा ट्रेनी, म्हणजे वर्षभराच्या ट्रेनिंगनंतर कन्फर्म होणारा. तिसरा अप्रेंटिस. चौथा कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर. अप्रेंटिसला पगार नसतो, स्टायपेंड असतो. पीएफ कापला जात नाही, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. तरीही शिकायला अप्रेंटिसशिप वाईट नाही, फक्त आपण काय घेतोय ते आधी माहीत हवं. कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर असाल तर ऑफर लेटरच्या माथ्यावर कंपनीचं नाव नसेल, कॉन्ट्रॅक्टरचं असेल.

फसवणुकीचे फोनही याच सुरात येतात. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, मेडिकल, गेटपास, "रिफंडेबल डिपॉझिट", नाव काहीही असो, इंटरव्ह्यूच्या आधी पैसे मागितले की विषय संपला. मेल फुकटच्या खात्यावरून आलाय का बघा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून ती खरंच आहे का ते शोधता येतं. मुलाखत प्लांटवर नसून एखाद्या स्टेशनजवळच्या कमर्शिअल कॉम्प्लेक्समधल्या गाळ्यात आहे आणि टेबलावर पावतीपुस्तक आहे, असं दिसलं तर आल्या पावली परत फिरा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

२. फाइल : एकदाच नीट लावा

मुलाखतीला लागणारे कागद असे :

– बायोडेटाच्या ३ प्रती, एक किंवा दोन पानांच्या
– दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्रीच्या प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कशीट
– प्रोव्हिजनल किंवा डिग्री सर्टिफिकेट
– कॉलेजचा लिव्हिंग सर्टिफिकेट
– इंटर्नशिप किंवा इनप्लांट ट्रेनिंगचं पत्र
– पॅन आणि आधारची झेरॉक्स
– पासपोर्ट साइजचे ६ फोटो
– निळं पेन, पेन्सिल, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर

ओरिजिनल दाखवायला न्यायचे, द्यायच्या फक्त झेरॉक्स. झेरॉक्सवर सही करून तारीख घाला. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. "ओरिजिनल मार्कशीट आमच्याकडे ठेवा" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. मार्कशीट हा तुमचा कागद आहे, कंपनीचा तारण माल नव्हे.

आता महाराष्ट्रातल्या मुलांची खास डोकेदुखी : नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग तुमचं, मग वडिलांचं. आधारवर तुमचं, वडिलांचं, आडनाव. पॅनवर कधी वडिलांचं नाव मध्ये असतं, कधी नसतं. क्रम वेगळा असला तर सहसा कोणी अडवत नाही. स्पेलिंग वेगळं असेल, किंवा एका कागदावर जन्मतारीख वेगळी असेल, तर मात्र बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि पीएफ दोन्ही ठिकाणी अडकतं. आज रात्री तीनही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक सापडला तर मुलाखतींची वाट न बघता आधार किंवा पॅनची दुरुस्ती लगेच टाका, कारण तिला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं.

बायोडेटात दोन ठिकाणी मुलं गोत्यात येतात. पहिलं म्हणजे टक्केवारी. सीजीपीआयला सरसकट दहाने गुणून टक्के लिहू नका. विद्यापीठाने रूपांतराचं जे सूत्र दिलंय तेच वापरा, नाहीतर सरळ सीजीपीआयच लिहा. दुसरं म्हणजे केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय. "लाइव्ह केटी आहे का?" हा प्रश्न येणारच. असेल तर हो म्हणा आणि परीक्षा कधी आहे ते सांगा. सुटलेल्या केट्या लपवण्यातही अर्थ नाही, मार्कशीटवर एका सेमिस्टरची तीन-तीन पानं लागलेली असतात, ती दिसतातच.

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, पीएलसी, सॅप अशी नावं भारंभार लिहिण्याआधी प्रत्येकापुढे स्वतःला विचारा : यात मी शेवटचं काय केलं? उत्तर सुचलं नाही तर ते नाव काढा. बायोडेटात लिहिलेला प्रत्येक शब्द हा समोरच्याला दिलेला प्रश्न असतो.

३. पत्ता शोधणं हीसुद्धा एक परीक्षाच

टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) इंडस्ट्रिअल एरिया ठाणे-बेलापूर रोडला धरून दिघ्यापासून नेरूळपर्यंत लांबच लांब पसरलाय. प्लॉट नंबरातलं अक्षर इथे आकड्याइतकंच महत्त्वाचं. "आर" रबाळ्याकडे, "ईएल" महापेच्या इलेक्ट्रॉनिक झोनमध्ये, "डी" तुर्भे-नेरूळ बाजूला. आकडा तोच आणि अक्षर चुकलं तर काही किलोमीटर भलतीकडे जाऊन पोचाल. मॅपवर कंपनीचं नाव टाकलं की कधी हेड ऑफिस निघतं, कधी जुनं युनिट. म्हणून प्लॉट नंबर विचारून घ्यायचा आणि जवळची खूणही.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून सुटते. वाशी आणि पनवेल, दोन्हीकडच्या गाड्या तिथूनच निघतात, आणि तुर्भ्यापर्यंत कोणतीही चालते. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे या स्टेशनांवर एमआयडीसी पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आहे. पश्चिमेला उतरलात तर राहत्या वस्तीच्या सेक्टरमध्ये शिराल. महापेला घणसोली किंवा कोपरखैरण्याहून रिक्षा करावी लागते. तळोज्यासाठी २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे, पेंधरहून पुढे रिक्षा. आत शेअर रिक्षा भरून सुटायला वेळ लागतो, आणि दुपारी तर मिळेलच असं नाही. गेटवर पोचायची वेळ मुलाखतीच्या अर्धा तास आधीची धरा.

वॉक-इन रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा. पावसाळ्यात फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सॅकमध्ये मोज्यांची एक कोरडी जोडी. तुंबलेल्या रस्त्यातून चालत आलेला उमेदवार सगळ्यांना समजतो, पण भिजलेली मार्कशीट पुन्हा मिळवायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात.

४. गेटवर

सिक्युरिटी केबिनमध्ये नाव, वेळ, कोणाला भेटायचं ते लिहून गेटपास मिळतो. केमिकल आणि फार्मा प्लांटमध्ये मोबाइल, लायटर, काडेपेटी गेटवरच जमा होते. यामागे निव्वळ कडकपणा नाही. सॉल्व्हंटच्या वाफा असलेल्या भागात साधा फोन ठिणगीचं कारण ठरू शकतो. याचा तुमच्यापुरता अर्थ असा की सगळं फोनमध्ये ठेवून चालणार नाही. एचआरचा नंबर, प्रोजेक्टचे आकडे, डिजिलॉकरमधल्या मार्कशीट, सगळं कागदावर हवं.

कपडे सुती घाला. फुल शर्ट, पँट आणि पूर्ण बंद बूट. चपला, सँडल किंवा टाचांचे बूट असतील तर प्लांट राउंडला नेत नाहीत, आणि तो राउंड हाच कधी कधी खरा इंटरव्ह्यू असतो. मुलींनी शर्ट-पँट किंवा ओढणीशिवाय कुर्ता घालावा आणि केस बांधावेत, कारण फिरत्या शाफ्टजवळ ओढणी आणि मोकळे केस दोन्ही धोक्याचे. राउंडमध्ये हेल्मेट देतील, त्याचा पट्टा हनुवटीखाली लावा. पिवळ्या पट्ट्यांमधूनच चाला, जिना उतरताना कठडा धरा. कोणी काही बोलणार नाही, पण बघणारे बघत असतात.

५. लेखी परीक्षा

बहुतेक ठिकाणी अॅप्टिट्यूड आणि ब्रँचचे प्रश्न एकत्र असतात आणि प्रश्नामागे साधारण एक मिनिट मिळतं. सूचना वाचा, निगेटिव्ह मार्किंग आहे का ते बघा. टक्केवारी, गुणोत्तर, काम-वेळ, युनिट कन्व्हर्जन एवढं पक्कं असलं की पुरतं. एक बार म्हणजे किती पीएसआय (१४.५), एक एचपी म्हणजे किती वॉट (७४६), हे बोटांवर हवं. छोट्या कारखान्यात परीक्षेऐवजी हातात एक ड्रॉइंग देतात. ते फर्स्ट अँगल आहे की थर्ड, हे कोपऱ्यातल्या कापलेल्या शंकूच्या चिन्हावरून ओळखता आलं पाहिजे. टॉलरन्स कुठे लिहिलाय, मटेरिअल काय, स्केल काय, टायटल ब्लॉकमधून सुरुवात करा.

६. टेक्निकल : इथे नोकरी मिळते किंवा जाते

टेक्निकलचं पॅनल म्हणजे बहुधा दोन माणसं. एक जण वीस वर्षं त्याच प्लांटमध्ये काढलेला, दुसरा तुमच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा. पुस्तकातली व्याख्या दोघांनाही नको असते. प्रश्न साधे असतात, पण थर लावून येतात. व्याख्या सांगितली की "का?", कारण सांगितलं की "मग बिघडलं कसं कळेल?", तेही सांगितलं की "आधी काय बघशील?" बरीच मुलं तिसऱ्या थरावर अडखळतात.

मेकॅनिकलवाल्यांना हमखास येणारा प्रश्न घ्या : "सेंट्रिफ्युगल पंप चालू आहे, पण डिस्चार्ज प्रेशर येत नाही. काय बघशील?" कच्चा उमेदवार "इंपेलर खराब असेल" म्हणून थेट पंप उघडायला निघतो. मुरलेला माणूस स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात करतो. सक्शन टाकीत लेव्हल आहे का? सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का? प्रेशर गेज स्वतः बरोबर आहे का? स्ट्रेनर चोक झालाय का? केसिंगमध्ये हवा अडकलीय का, म्हणजे प्रायमिंग झालंय का, फूट व्हॉल्व्ह गळतोय का? मोटर उलटी फिरत नाही ना? आदल्या दिवशी मोटर काढून पुन्हा जोडली असेल तर दोन फेज अदलाबदल होणं अगदी नेहमीचं. हे सगळं ठीक निघालं तरच इंपेलर, आणि पंप उघडण्याआधी परमिट घेऊन, पॅनलवर लॉक लावून, लाइन आयसोलेट आणि ड्रेन करून. हे शेवटचं वाक्य तुम्ही न विचारता बोललात की समोरच्याची मान हलते.

जोडप्रश्न : हा पंप सुरू करताना डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद ठेवतात, कारण तेव्हा मोटरवर लोड कमी येतो. मग गिअर पंपाला तसं का करत नाहीत? तो पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटचा पंप, तेलाला जायला वाट नसली की प्रेशर चढत जातं, रिलीफ व्हॉल्व्ह नसेल तर काहीतरी फुटतं.

बेअरिंगचा नंबर वाचता येणं हा दुसरा आवडता प्रश्न. ६२०५ मधला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ म्हणजे सिरीज, आणि ०५ ला पाचने गुणलं की बोअर, म्हणजे २५ मिलिमीटर. ६३०५ चा बोअरही २५ च, पण बाहेरचा व्यास ५२ च्या जागी ६२, म्हणजे जास्त लोड घेणारा. गुणाकाराचा नियम ०४ पासून पुढे चालतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर, हे पाठच करावं लागतं. व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिलिमीटर. हातात देऊन रीडिंग घ्यायला लावतात तेव्हा आधी जबडे मिटवून झिरो एरर बघा.

इलेक्ट्रिकलसाठी मोटरची नेमप्लेट म्हणजे अख्खा पेपर. समजा लिहिलंय : ७.५ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. पोल किती? १४४० च्या वरची जवळची सिंक्रोनस स्पीड १५००, म्हणून ४ पोल. स्लिप? १५०० मधून १४४० वजा केले, ६०, म्हणजे ४ टक्के. एचपी? १०. फुल लोड करंट अंदाजे? १४ अँपिअरच्या आसपास. ओव्हरलोड रिले मग कितीवर सेट कराल? नेमप्लेटवरच्या करंटवर. पण स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजमध्ये बसवला असेल तर त्याच्या ०.५८ पट. इथपर्यंत पोचलात तर पुढचे प्रश्न सैल पडतात.

स्टार-डेल्टाविषयी सगळे सांगतात की सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांश होतो. टॉर्कही एक तृतीयांश होतो, हे अर्धं उत्तर राहून जातं. म्हणून भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये उचलत नाही, आणि "स्टार्टर बदलला, मोटर गुरगुरतेय पण फिरत नाही" असा किस्सा पॅनल मुद्दाम रचून सांगतं.

इन्स्ट्रुमेंटेशनला ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलचा प्रश्न चुकत नाही. शून्यापासून का नाही? तार तुटली की सिग्नल शून्यावर येतो. शून्य हेच खरं रीडिंग असतं तर टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय हे कंट्रोल रूममध्ये बसून कळलंच नसतं. ० ते २०० अंशांच्या ट्रान्समीटरवर १२ मिलिअँपिअर म्हणजे १०० अंश, हे तोंडी काढता यावं. पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम दाखवतो.

केमिकलवाल्यांनी तळोज्याला जाताना एका प्रश्नावर घरीच विचार करून जावं : "एक्झोथर्मिक बॅच चालू आहे, दुसऱ्या रसायनाचं ॲडिशन सुरू आहे, आणि कूलिंग वॉटर गेलं. काय करशील?" आधी ॲडिशन बंद. स्टरर चालूच ठेवायचा. मग पर्यायी कूलिंग, शिफ्ट इनचार्जला कळवणं आणि त्या प्रॉडक्टच्या इमर्जन्सी एसओपीप्रमाणे (ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे) पुढचं. यातली खोच स्टररमध्ये आहे. स्टरर बंद पडला आणि ॲडिशन चालू राहिलं, तर न मिसळलेला माल थरासारखा साठतो. नंतर कोणी घाईने स्टरर चालू केला की सगळी रिॲक्शन एकदम पेटते. "स्टरर बंद पडलेला दिसला तर लगेच चालू करीन" हे उत्तर म्हणूनच महागात पडतं.

सेफ्टीचे दोन-तीन प्रश्न सर्वांनाच : ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालतात, उलट नाही. पॅनलला आग लागली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर. वेल्डिंग करायचं तर हॉट वर्क परमिट. तुम्ही अर्ज केलेली कंपनी जे बनवते त्याची एमएसडीएस, म्हणजे सुरक्षेची माहिती देणारं पत्रक, नेटवर बहुधा सापडते, ती एकदा वाचून जा. पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन" म्हणा आणि खरंच मोठ्याने विचार करा. सारवासारव केलेली पॅनलला पहिल्या वाक्यात कळते.

भाषेचं म्हणाल, तर एमआयडीसीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ चालते. सुरुवात इंग्रजीत करा. अडलं तर "सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारा. बहुतेकदा चालतं, कारण शॉप फ्लोअरवर ऑपरेटरशी तुम्हाला त्याच भाषेत बोलायचं असतं.

७. प्रोजेक्ट विकत घेतला असेल तरी

फायनल इयरचे तयार प्रोजेक्ट कुठे मिळतात हे पॅनललाही ठाऊक असतं. चार जणांच्या ग्रुपमध्ये एकाने काम केलं आणि तिघांनी रिपोर्टचं बाइंडिंग, हेही. आव न आणता तुमचा वाटा कोणता ते सांगा आणि तेवढा भाग तळापर्यंत तयार करा. कोणती मोटर वापरली, किती वॉटची, तीच का, शाफ्टचा व्यास कुठून आला, खर्च किती आला, काय चाललं नाही. "काय चाललं नाही" याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याने प्रोजेक्टला हात लावलाय, असं समोरचा धरून चालतो. एका कागदावर पेन्सिलने प्रोजेक्टचं स्केच दोन मिनिटांत काढता येतंय का, ते घरी करून बघा.

८. एचआर

स्वतःबद्दल सांगा म्हटलं की दीड मिनिटात संपवा : शिक्षण, प्रोजेक्ट किंवा ट्रेनिंग, कशात रस आहे. घरातल्या माणसांची यादी नको. शिफ्टचा प्रश्न येतोच : "डोंबिवलीला राहता, तळोज्यात फर्स्ट शिफ्टला सातला कसे पोचणार?" याचं उत्तर तयार हवं. तुम्हीही विचारा : कंपनीची बस आहे का, कुठल्या स्टॉपवरून, किती वाजता, वीकली ऑफ कधी. प्रत्येक ठिकाणी रविवारच असतो असं नाही. शिफ्टला सरसकट होकार देऊन महिन्याभरात सोडून जाणारे एचआरच्या डोळ्यांपुढे असतात, म्हणून येण्याजाण्याचा हिशेब मांडून दिलेलं उत्तर त्यांना जास्त पटतं.

९. पगाराचा आकडा

"पॅकेज ३ लाख ६० हजार" म्हणजे महिना ३० हजार हातात, असा हिशेब करून घरी सांगू नका. नमुन्यादाखल फोड बघा. बेसिक निम्मं, म्हणजे महिना १५,०००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला ८,६५८. विम्याचे समजा ६,०००. व्हेरिएबल, म्हणजे दरमहा न मिळणारा अटींवरचा भाग, पॅकेजच्या १० टक्के, ३६,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं. वजा केलं की वर्षाला २,८७,७४२ उरतात, म्हणजे महिना २३,९७८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २१,९७८. फेब्रुवारीत टॅक्स ३०० कापतात, तेव्हा आणखी १०० कमी. महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत हा टॅक्स नाही, त्यांचे २०० वाचतात. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर ते वेगळे.

म्हणून एचआरला एकच प्रश्न : "महिन्याला हातात किती येतील, आणि व्हेरिएबल कधी, कशावर मिळतं?" विचारल्याने ऑफर जात नाही. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं सलग झाल्यावर मिळायची असते, तोवर ती कागदावरच.

१०. मेडिकल

रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, कानांची ऑडिओमेट्री, फुप्फुसांची पीएफटी आणि डोळे. उपाशीपोटी बोलावलं असेल तर आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नको. चहाही नको, आणि "फक्त एक बिस्कीट" तर नकोच. चष्मा असेल तर घालून जा, नंबर असणं आड येत नाही. रंगांची परीक्षा मात्र इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये निर्णायक ठरू शकते, कारण केबलचे रंग ओळखणं हे रोजचं काम. ठिपक्यांच्या आकड्यांची ती चाचणी एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधीच करून घ्या. अडचण निघाली तर प्रॉडक्शन, प्लॅनिंग, डिझाइन अशा वाटा शोधायला वेळ मिळतो.

११. ऑफर आणि जॉइनिंग

तोंडी "सिलेक्ट झालात" म्हणजे काहीच नाही. आठवडाभर वाट बघा आणि दोन ओळींचा मेल टाका. लेखी ऑफर आल्याशिवाय चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका, दुसऱ्या कंपनीला नाही कळवू नका. पत्रात माथ्यावरचं नाव, पद, जागा, प्रोबेशन, नोटीस पिरिअड आणि बाँड या सहा गोष्टी शोधा. प्रोबेशनमधला नोटीस पिरिअड आणि कन्फर्म झाल्यावरचा वेगळा असू शकतो. बाँड असेल तर रक्कम, मुदत आणि कोणत्या ट्रेनिंगच्या बदल्यात, हे वाचल्याशिवाय सही नको. कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही मागितली तर घरच्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला दाखवा.

काही कंपन्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. अर्ज ऑनलाइन होतो, पण आयुक्तालय तुमच्या राहण्याच्या पत्त्याप्रमाणे निवडायचं. कल्याण-डोंबिवलीकर ठाणे आयुक्तालयात, ऐरोली ते पनवेल नवी मुंबईत. कारखाना ज्या हद्दीत आहे ती निवडली की अर्ज परत येतो आणि आठवडा जातो.

जॉइनिंगच्या दिवशी कॅन्सल्ड चेक घेऊन आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवून जा, ओटीपी लागतो. आधी कुठे महिना-दोन महिने जरी काम केलं असेल आणि तिथे पीएफ कापला असेल, तर तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) सांगा. नवा काढू देऊ नका, दोन यूएएन एकत्र करण्यात पुढे बराच वेळ जातो. पहिल्या दिवशी बहुधा सेफ्टी इंडक्शनमध्येच दुपार होते आणि स्टोअरमधून सेफ्टी शूज मिळतात. बुटाचा नंबर विचारतील, तो एक घर मोठा सांगा. आठ तास जाड मोज्यांवर उभं राहायचंय.